चार सप्टेंबर, नऊ एप्रिल

ऑगस्ट २०२२ मधल्या एका शनिवारी अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनच्या घरी टपालपेटीत दोन सारखी पाकिटे एकदमच आली. दोन्हींत ग्रीन कार्डे, म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याच्या परवानगीची कार्डे होती, एक माझे आणि एक माझ्या नवऱ्याचे. अर्ज माझ्या नोकरीवर आधारलेला होता आणि तो माझा जोडीदार म्हणून त्यात सामील होता, त्यामुळे त्या दिवशी घरात थोडा माझाच मान होता. त्याने आपले कार्ड उलटसुलट करून पाहिले, फोटोत आपण पोलीस ठाण्याच्या फलकावरच्या इसमासारखे दिसतो अशी तक्रार केली आणि कार्ड देवापुढे ठेवले. मीही माझे ठेवायला वाकले आणि ठेवता ठेवता जन्मतारखेची ओळ वाचली. तिथे ०९ एप्रिल १९८० असे छापले होते. माझा जन्म ४ सप्टेंबर १९८० चा आहे.

या कार्डावर जन्मतारखेतला महिना अंकांत नसतो, इंग्रजी अक्षरांत असतो. त्यामुळे आपणच उलटे वाचत असू, अशी शंका घ्यायलाही जागा नव्हती. दिवसाच्या जागी महिना आणि महिन्याच्या जागी दिवस गेला होता. भारतातून आलेल्या माणसाच्या कागदांत ही चूक होण्याची शक्यता नेहमीच असते, कारण आपण दिवस आधी लिहितो आणि अमेरिकेत महिना आधी लिहितात. ज्यांचा जन्म बारा तारखेनंतरचा आहे ते सुटतात, कारण तेरावा महिना कोणत्याच देशात नसतो. बारा तारखेपर्यंत जन्मलेल्यांना मात्र प्रत्येक अर्जावर, प्रत्येक खिडकीवर सावध राहावे लागते. माझे वडील कागदोपत्री १ जूनचे आहेत, म्हणजे त्यांच्या पिढीतल्या अनेकांप्रमाणे शाळेत नाव घालताना गुरुजींनी दिलेल्या तारखेचे. ती तारीखसुद्धा इकडे ६ जानेवारी होऊ शकते, असे मी त्यांना एकदा गमतीने म्हणाले होते. माझ्यावर तीच वेळ येईल असे तेव्हा वाटले नव्हते.

या कार्डासाठी आम्ही किती थांबलो होतो हे सांगितल्याशिवाय त्या क्षणीचा वैताग कळणार नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांची वार्षिक मर्यादा साधारण १,४०,००० असते आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातला सात टक्क्यांहून जास्त वाटा सहसा मिळत नाही, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबत जाते. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, एप्रिल २०१३ मधली होती. रांग कुठवर आली हे दर महिन्याला कळवणाऱ्या व्हिसा बुलेटिनच्या ऑक्टोबर २०२० च्या अंकात ईबी-३ या नोकरीच्या तिसऱ्या श्रेणीतल्या भारतीयांसाठी अर्ज भरण्याची तारीख एकदम १ जानेवारी २०१५ पर्यंत पुढे आली, तेव्हा हजारो लोकांबरोबर आम्हीही आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा अर्ज, भरला. पुढे २०२२ च्या उन्हाळ्यात ईबी-२ या दुसऱ्या श्रेणीची तारीख १ डिसेंबर २०१४ पर्यंत पोहोचली, वकिलांनी प्रकरण त्या श्रेणीत वळवून घेतले आणि ऑगस्टमध्ये मुलाखत न होताच मंजुरी आली. महामारीमुळे कौटुंबिक श्रेणीतले न वापरलेले व्हिसे त्या वर्षी नोकरीच्या श्रेणीत आले होते, एकूण आकडा २,८१,००० च्या वर गेला होता आणि ३० सप्टेंबरला सरकारी वर्ष संपण्यापूर्वी ते सगळे वापरायचे होते. त्या गर्दीत माझ्या फायलीला कोणाची किती मिनिटे मिळाली असतील, याचा हिशेब मी पुढे अनेकदा मनातल्या मनात केला.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काम करते. दुसऱ्यांनी केलेल्या फॉर्ममधल्या चुका शोधणे हाच माझा रोजचा व्यवसाय आहे. म्हणून कार्ड टेबलावर घेऊन मी एकेक रकाना तपासायला बसले. आडनाव बरोबर होते. ए-नंबरचे, म्हणजे अमेरिकी स्थलांतर खात्याने दिलेल्या ओळख क्रमांकाचे, नऊही आकडे जुन्या पत्रांशी जुळत होते. जन्मदेश बरोबर होता, श्रेणी ई-२६ होती, म्हणजे फाइल ईबी-२ मध्ये गेल्याची नोंद नीट झाली होती. नवऱ्याच्या कार्डावर जोडीदार म्हणून ई-२७ होते. रहिवासी झाल्याची तारीख मंजुरीच्या पत्राशी जुळत होती, आणि ती जुळणे फार महत्त्वाचे असते, कारण नागरिकत्वाच्या अर्जासाठी लागणारी पाच वर्षे तिथून मोजली जातात.

कार्डाच्या मागच्या बाजूला खाली तीन ओळी असतात. त्या माणसांसाठी नसून यंत्रांसाठी असतात, प्रत्येक ओळीत बरोबर तीस जागा असतात आणि रिकाम्या जागी कोनासारखी चिन्हे भरलेली असतात. दुसरी ओळ जन्मतारखेने सुरू होते, आधी वर्षाचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस, आणि लगेच पुढे एक तपासणी अंक. माझ्या कार्डावर तिथे ८००४०९ आणि पुढे ३ असे होते. म्हणजे पुढच्या बाजूला छापताना काही गडबड झाली नव्हती, खात्याच्या नोंदीतच तारीख उलटी बसली होती. हे कळले तेव्हा पहिल्यांदा पोटात गोळा आला, कारण छपाईची चूक कार्डापुरती असते आणि नोंदीतली चूक जिथे जिथे ती नोंद वाचली जाईल तिथे तिथे पोहोचते.

तपासणी अंकाचे एक गणित आहे. तारखेच्या सहा आकड्यांना अनुक्रमे ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचे, बेरीज करायची आणि बेरजेतला एकम स्थानचा अंक घ्यायचा. आकडा चुकला किंवा दोन आकडे उलटे पडले तर बहुतेक वेळा हा अंक जुळत नाही आणि चूक पकडली जाते. मी कागदावर हिशेब मांडला. ८००४०९ ची बेरीज ९३ येते. खऱ्या तारखेची, म्हणजे ८००९०४ ची, १२३ येते. दोन्हींचा तपासणी अंक ३. एप्रिल आणि सप्टेंबर यांच्यात पाच महिन्यांचे अंतर आहे आणि या गुणाकारात नेमक्या पाचाच्या फरकाला ही अदलाबदल नजरेतून निसटते. व्यवसायाचा दोष म्हणा, पण त्या वैतागातही मला हे फार आवडले आणि मी ते नवऱ्याला समजावून सांगायला गेले. तो म्हणाला, "अगं, हे सगळं ठीक आहे, पण आता करायचं काय ते बोल."

तिसऱ्या ओळीत मला आणखी एक चूक सापडल्यासारखे वाटले. माझ्या नावापुढे वडिलांचे नाव आहे आणि त्याची शेवटची चार अक्षरे त्या ओळीत नव्हती. मग मी जागा मोजल्या. आडनावाची दहा अक्षरे, दोन कोनचिन्हे, माझ्या नावाची नऊ, एक कोनचिन्ह आणि वडिलांच्या नावाची बारा, अशी बेरीज चौतीस होते आणि ओळ तीसचीच असते. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी आपली पद्धत असल्याने मराठी माणसाचे पूर्ण नाव अशा ओळीत पुष्कळदा मावत नाही. ही चूक नव्हे, तो त्या ओळीचा नियमच आहे, आणि कार्डाच्या दर्शनी बाजूला नाव पूर्ण होते. मी ती तक्रार यादीतून काढून टाकली. ही यादी एकाच ओळीची ठेवली, हा या सगळ्या प्रकरणात मी घेतलेला सर्वांत बरा निर्णय होता असे मला आजही वाटते.

पुढचा प्रश्न चूक कोणाची हा होता, आणि तो अभिमानाचा नव्हे, पैशांचा आणि पद्धतीचा प्रश्न होता. कार्ड बदलून घेण्याचा अर्ज आय-९० हा आहे. चूक अर्जदाराने स्वतःच्या कागदांत केलेली असेल तर त्याला शुल्क भरावे लागते, जे तेव्हा बोटांच्या ठशांचे धरून ५४० डॉलर होते. १ एप्रिल २०२४ पासून कागदी अर्जाला ४६५ आणि ऑनलाइन अर्जाला ४१५ असे दर लागू झाले. चूक खात्याची असेल तर शुल्क नसते, मात्र ती खात्याची आहे हे आपण कागदांनिशी दाखवावे लागते आणि चुकीचे मूळ कार्ड अर्जासोबत परत करावे लागते.

माझा पहिला संशय वकिलांच्या कार्यालयावर होता. तिथल्या पॅरालीगलने, म्हणजे वकिलांच्या सहायकाने, आमचा आय-४८५ भरला होता, तो ऑक्टोबर २०२० च्या धावपळीत आला होता आणि मी बारा पानांनंतर वाचणे सोडून नुसत्या सह्या केल्या होत्या. शनिवारी रात्री मी त्यांना एक कडक ईमेल लिहिला. पाठवण्याआधी पुरावा म्हणून त्या अर्जाची प्रत जोडावी म्हणून ती उघडली, तर जन्मतारखेच्या रकान्यात ०९/०४/१९८० असे स्पष्ट होते आणि रकान्याच्या शेजारी महिना आधी, दिवस नंतर अशी सूचना छापलेली होती. पॅरालीगलने अगदी बरोबर भरले होते. ईमेल पुसून टाकला. अर्जाची प्रत जपून ठेवलेली नसती तर तो गेला असता आणि मी पुढचे काही महिने नको त्या माणसाशी भांडत बसले असते.

मग मी अर्जासोबत जोडलेले कागद काढले. कराड नगरपालिकेचा माझा जन्मदाखला हाताने भरलेला, मराठीतला आहे आणि त्यात तारीख ०४/०९/१९८० अशी अंकांतच आहे. परदेशी भाषेतल्या कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी निवेदन जोडावे लागते. ते माझ्या एका मैत्रिणीने केले होते. तिने प्रामाणिकपणे जसे होते तसेच ठेवले होते, म्हणजे इंग्रजी पानावरही ०४/०९/१९८०. भारतीय पारपत्रावरही तारीख अंकांत आणि दिवस आधी अशीच असते. माझा आपला अंदाज असा की कोणीतरी अर्जावरची तारीख आणि भाषांतरातली तारीख शेजारी ठेवून पाहिली, त्या जुळत नाहीत असे वाटले आणि जन्मदाखला हा मूळ पुरावा म्हणून त्यावरची तारीख अमेरिकी पद्धतीने वाचून नोंद "दुरुस्त" केली. हे खरे की खोटे हे मला कधीच कळणार नाही. पण त्या भाषांतरात महिना अक्षरांत लिहिला असता तर वाचणाऱ्याला अडखळायला जागा उरली नसती. तेव्हापासून मी कोणत्याही भाषांतरात तारीख अक्षरांत लिहिण्याचा आग्रह धरते.

अमेरिकी सरकारने पूर्वी माझी तारीख बरोबर नोंदवली होती, हे दाखवणारे दोन कागद माझ्याकडे होते. २०२१ मध्ये याच फायलीवर मिळालेल्या ईएडी कार्डावर, म्हणजे नोकरीच्या परवानगीच्या कार्डावर, सप्टेंबर होता. आणि पारपत्रातल्या जुन्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर दिवस, मग अक्षरांत महिना, मग वर्ष अशी तारीख होती. तिसरा कागद भारतातून हवा होता. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी अशी दोन्ही लिहितात, हे आठवून मी बाबांना फोन केला.

"एप्रिल कुठून आणला त्यांनी?" बाबा म्हणाले. "तू श्रावणातली. गणपती बसायला आठ-दहा दिवस होते, म्हणून आजीनं बारसं गणपतीतच करायचं ठरवलं होतं. एप्रिलात कोणता श्रावण?"

"बाबा, त्यांना श्रावण सांगून चालणार नाही. माझा शाळेचा दाखला कपाटात आहे का बघा ना."

"मूळ आहे. पण तो मी पाठवणार नाही, टपालात गहाळ झाला तर? फोटो काढून पाठवतो."

अर्ध्या तासात व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पिवळट कागद, निळी शाई, मुख्याध्यापकांचा गोल शिक्का आणि अक्षरी रकान्यात एकाच वळणदार ओळीत "चार सप्टेंबर एकोणीसशे ऐंशी". कोपऱ्यात बाबांचा अंगठा आला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांना कागद सपाट ठेवून पुन्हा फोटो काढायला लावला. मैत्रिणीने या वेळी भाषांतरात महिना अक्षरांत लिहिला.

चूक तशीच राहू दिली तर काय होते, असे मला दोघा-तिघांनी विचारले. एका ओळखीच्या काकांनी तर दहा वर्षांनी कार्ड नवे करताना बघू, असा सल्ला दिला. मला तो मुळीच पटला नाही. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे सामाजिक सुरक्षेचे कार्यालय आणि वाहन परवान्याचे कार्यालय आपली माहिती खात्याच्या नोंदींशी ताडून पाहतात, तिथे तारीख जुळली नाही की काम अडते. विमान कंपनी पारपत्र आणि कार्ड यांच्यावरची माहिती एकत्र पाहते. आणि सर्वांत मोठी गोष्ट नागरिकत्वाची आहे. नागरिकत्वाच्या अर्जात आपण जी जन्मतारीख शपथेवर लिहून देतो, ती चुकीची होती असे मागाहून सांगून प्रमाणपत्रावर बदलून मिळत नाही. त्यामुळे गोंधळ कार्डाच्या पातळीवरच निस्तरावा, असे वकिलांचेही मत पडले. वकिलांचे आय-९० भरण्याचे शुल्क वेगळे होते, म्हणून अर्ज मात्र मी स्वतः भरायचे ठरवले.

आधी मी खात्याच्या संकेतस्थळावर कागदपत्रातली छपाईची चूक कळवण्याची जी सोय आहे ती वापरून पाहिली. पंधरा दिवसांनी उत्तर आले की आय-९० भरावा. मधल्या काळात मदतकेंद्राला केलेल्या दोन फोनांमध्येही वेगळे काही निघाले नाही.

सप्टेंबरच्या मध्यात मी पाकीट तयार केले. वर एक पानाचे पत्र, त्यात चूक काय आहे, बरोबर तारीख काय आहे आणि कोणता कागद काय दाखवतो एवढेच लिहिले. मग भरलेला आय-९०, मूळ कार्ड, त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत, आय-४८५ चे संबंधित पान, ईएडीची आणि व्हिसाची प्रत, पारपत्राची प्रत, शाळेच्या दाखल्याची प्रत आणि भाषांतर. धनादेश जोडला नाही. प्रत्येक पानाचा स्कॅन ठेवला आणि पोहोच कळेल अशा टपालाने ते पाठवले. नऊ वर्षे रांगेत उभे राहून मिळालेले कार्ड महिनाभरात आपल्याच हाताने परत पाकिटात घालणे जिवावर आले होते, हे कबूल करते.

तीन आठवड्यांनी ते पाकीट जसेच्या तसे परत आले. कार्डही आत होते. सोबतच्या कागदावर शुल्क जोडले नसल्याने अर्ज स्वीकारलेला नाही असे होते. माझा पारा चढला. चूक यांची, पुरावे मी दिले, आणि वर हे पैसे मागतात, असे म्हणत मी अर्ज नवऱ्यासमोर टाकला. त्याने शांतपणे दुसरा भाग वाचला आणि विचारले, "तू ही खूण इथे का केलीस?"

अर्जात कारणांची एक यादी आहे. खात्याच्या चुकीमुळे कार्डावर चुकीची माहिती आहे, हे त्यातले एक कारण आहे. त्याच्या अगदी खालचे कारण असे की कार्ड मिळाल्यानंतर नाव किंवा इतर वैयक्तिक माहिती कायदेशीररीत्या बदलली आहे. पहिल्याला शुल्क नाही, दुसऱ्याला आहे. माझी खूण खालच्या चौकोनात होती. दिवसभर फॉर्म तपासण्याचा पगार घेणाऱ्या बाईने एका ओळीची चूक केली होती, आणि तीही दुसऱ्याची चूक सुधारायला निघाली असताना. परत पाठवणाऱ्याने नियमानुसारच पाठवले होते. नवरा त्यावर एक अक्षरही बोलला नाही. त्याने तेवढ्यात उठून चहा ठेवला, आणि ते मला बोलण्याहून जास्त लागले.

दुसरा अर्ज मी छापून, एक दिवस ठेवून, दुसऱ्या सकाळी पुन्हा वाचला आणि नवऱ्याकडून वाचून घेतला. वरच्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात अर्ज खात्याच्या चुकीच्या दुरुस्तीसाठी असल्याने शुल्क जोडलेले नाही असे लिहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस पोचपावती आली आणि जुनेच बोटांचे ठसे वापरले जातील असे कळवणारे पत्रही पाठोपाठ आले.

आता माझ्याकडे कार्ड नव्हते. अमेरिकी कायद्यानुसार अठरा वर्षांवरील कायम रहिवाशाने आपले कार्ड सतत जवळ बाळगायचे असते आणि तसे न केल्यास दंड किंवा तीस दिवसांपर्यंत कैद होऊ शकते. आमच्या ओळखीतल्या बहुतेकांची कार्डे बँकेच्या लॉकरमध्ये असतात, ही गोष्ट वेगळी. शिवाय डिसेंबरमध्ये मला भारतात जायचे होते, बाबांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले होते. अशा वेळी पारपत्रात एक शिक्का मारून मिळतो, जो तात्पुरता ग्रीन कार्डाचे काम करतो. त्यासाठी थेट कार्यालयात जाता येत नव्हते. मदतकेंद्राला फोन करायचा, कारण सांगायचे, मग वरच्या पातळीवरच्या अधिकाऱ्याचा उलट फोन येतो आणि तो भेटीची वेळ देतो. उलट फोन कधी येईल हे सांगत नाहीत, म्हणून आठवडाभर मी आंघोळीलाही फोन बरोबर नेत होते. तो अखेर मी किराणा दुकानात कोथिंबीर निवडत असताना आला, आणि त्या गोंगाटात मी ए-नंबर, पोचपावतीचा क्रमांक आणि विमानाची तारीख तोंडपाठ सांगितली. पुढे मार्च २०२३ पासून हा शिक्का काही प्रकरणांत टपालाने पाठवण्याची सोय झाली, ती मला मिळाली नाही.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भेट झाली. अधिकाऱ्याने पारपत्र, पोचपावती, विमानाचे तिकीट आणि परत केलेल्या कार्डाची प्रत पाहिली. जन्मतारीख विचारली तेव्हा मी महिन्याचे नाव घेऊन सांगितली. त्याने पडद्याकडे आणि मग पारपत्राकडे पाहिले आणि हसून म्हणाला की इथे तुम्ही पाच महिन्यांनी मोठ्या आहात. पारपत्राच्या कोऱ्या पानावर त्याने शिक्का मारला, त्यात एक वर्षाची मुदत हाताने लिहिली आणि सही केली. मुदतीतला महिना त्याने अक्षरांत लिहिला हे मी बाहेर येऊन गाडीत बसल्यावर पाहिले.

जाताना काही अडचण आली नाही. परतताना मुंबईच्या विमानतळावर तिकीट तपासणाऱ्या मुलीने कार्ड मागितले. मी शिक्क्याचे पान उघडून दिले. तिने तो शिक्का याआधी पाहिला नसावा. ती नम्रपणे म्हणाली, "मॅडम, हा जुना व्हिसा आहे का?" मी पोचपावती दाखवली, तिने वरिष्ठांना बोलावले, त्यांनी एका जाड पुस्तिकेत काहीतरी शोधले, कुठेतरी फोन केला. वीस-पंचवीस मिनिटे गेली, मागची रांग दुसऱ्या खिडकीकडे वळवली गेली, आणि मग बोर्डिंग पास मिळाला. नूअर्कला उतरल्यावर मात्र तपासणी अधिकाऱ्याने तो शिक्का पाहिला आणि दोन मिनिटांत जाऊ दिले. शिक्क्यावर प्रवास करायचा असेल तर विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचावे, हे मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले आहे.

नवे कार्ड एप्रिल २०२३ मध्ये आले. ३० जानेवारी २०२३ पासून कार्डाचा नवा नमुना सुरू झाला होता, त्यामुळे माझे कार्ड नवऱ्याच्या कार्डापेक्षा वेगळे दिसत होते आणि त्याला त्याचा थोडा हेवाही वाटला. पाकीट उघडताना तो बाजूलाच उभा होता. या वेळी मी देवाकडे न जाता खिडकीजवळ उजेडात गेले. जन्मतारीख ०४ सप्टेंबर १९८०. रहिवासी झाल्याची तारीख ऑगस्ट २०२२ मधलीच, ती बदललेली नव्हती. ए-नंबर तोच, श्रेणी तीच. मागच्या बाजूला दुसऱ्या ओळीत ८००९०४, आणि पुढे ३.

मे महिन्यात मी सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात गेले. माझ्या जुन्या कार्डावर सरकारी परवानगी असेल तरच नोकरीसाठी ग्राह्य अशी ओळ होती आणि ग्रीन कार्ड मिळाल्यावर ती ओळ नसलेले कार्ड मिळते. खिडकीवरच्या बाईंनी माझे ग्रीन कार्ड घेतले, ए-नंबर टाइप केला आणि पडद्यावर काही येण्याची वाट पाहत बसल्या. ती वाट मला कार्यालयाबाहेरच्या रांगेपेक्षा मोठी वाटली. मग त्यांनी नोंदीतली तारीख मला मोठ्याने वाचून दाखवली, आधी महिना, मग दिवस, मग वर्ष, आणि बरोबर आहे का असे विचारले. मी हो म्हणाले. त्यांनी पुढचा फॉर्म माझ्यासमोर सरकवला, आणि मी तो वरपासून खालपर्यंत वाचून मगच सही केली.